पिवळा त्रिकोण

संगणकाला माऊस जोडला, की तो लगेच चालू लागतो. कीबोर्ड जोडला, तरी तसेच. पेन ड्राइव्ह खोचला, की त्यातील फाईली पडद्यावर दिसू लागतात. त्यामुळे आपल्याला वाटते, वायर जोडली म्हणजे काम झाले. मोजमापाच्या यंत्रांची गोष्ट मात्र निराळी असते. असे एखादे यंत्र जोडले, की संगणक एक बारीकसा आवाज करतो आणि गप्प बसतो. मग यंत्रांच्या यादीत कुठेतरी एक नवी ओळ येते आणि तिच्याजवळ एक छोटा पिवळा त्रिकोण दिसतो. त्रिकोणात उद्गारचिन्ह असते.

मी एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. या पिवळ्या त्रिकोणाने माझा जेवढा वेळ खाल्ला आहे, तेवढा कोणत्याही परीक्षेने किंवा तपासणीने खाल्ला नसेल. एकदा तर त्याच्यापायी आमची आठ चांगली यंत्रे भंगारात जाण्याची वेळ आली होती. ती हकिकत सांगतो. पण त्याआधी हा त्रिकोण येतो कोठून, ते समजून घेऊ.

मुलांनो, तुमचे मोठे भाऊ, चाचा किंवा मामू यांपैकी कोणी जुना संगणक वापरला असेल, तर त्यांना विचारा. त्या संगणकाच्या पाठीमागे किती तऱ्हेची भोके असत! छपाईयंत्रासाठी पंचवीस टाचण्यांची रुंद जोडणी, मोडेमसाठी नऊ टाचण्यांची, कीबोर्डसाठी गोल, माऊससाठी आणखी एक गोल. चुकीच्या भोकात जोर लावला, तर टाचणी वाकलीच म्हणून समजा. ही कटकट संपावी म्हणून सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी या जोडणीचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. या कामात अजय भट्ट या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा आहे. ते वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत इंटेल या कंपनीत गेले.

या साध्या यूएसबी वायरीच्या पोटात चार तारा असतात. लाल तारेतून पाच व्होल्टची वीज येते आणि काळी तार तिचा परतीचा रस्ता असते. पांढरी आणि हिरवी या दोन तारांतून माहितीची ये-जा होते. यंत्र जोडले, की माहितीच्या एका तारेवरचा विजेचा दाब वाढतो. त्यावरून संगणकाला कळते, की दारात कोणी तरी आले आहे. मग तो विचारतो, "तू कोण?" यंत्र अठरा बाइटांचे छोटे उत्तर देते. त्या उत्तरात इतर गोष्टींबरोबर दोन महत्त्वाचे क्रमांक असतात. एक यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या वस्तूचा. प्रत्येक क्रमांक चार खुणांचा असतो. या खुणा म्हणजे शून्य ते नऊ हे अंक आणि पुढे ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे.

आता संगणक आपल्या साठ्यात शोधू लागतो. या क्रमांकाच्या यंत्राशी बोलता येईल, असा एखादा प्रोग्राम आपल्याजवळ आहे काय? अशा प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर गाडी हाकणारा नव्हे. तो दोघांच्या मधला दुभाषी. तुम्ही उर्दूत ज्याला तर्जुमान म्हणता, तोच हा. तो सापडला, तर बोलणे सुरू होते. सापडला नाही, तर संगणक यंत्राच्या नावाजवळ पिवळा त्रिकोण काढतो आणि आत लिहितो, 'या यंत्राचे ड्रायव्हर बसवलेले नाहीत. कोड २८.'

माऊस, कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह यांना ही अडचण का येत नाही? कारण त्यांच्यासाठी ठरावीक वर्ग आहेत. माऊस कोणत्याही कंपनीचा असो, तो एकाच ठरलेल्या भाषेत बोलतो आणि त्या भाषेचा दुभाषी विंडोजमध्ये आधीपासूनच बसलेला असतो. मोजमापाच्या यंत्रांसाठीही २००३ साली असा एक वर्ग ठरवला गेला. पण त्याचा दुभाषी विंडोजमध्ये आपोआप येत नाही. तो आपण बोलावून आणावा लागतो.

असो. आता आमच्या प्रयोगशाळेकडे वळू.

आमच्याकडे आठ डिजिटल ऑसिलोस्कोप होते. विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, हे पडद्यावर रेषा काढून दाखवणारे यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. इस्पितळात हृदयाच्या ठोक्यांचा आलेख तुम्ही पाहिला असेल, तसेच काहीसे. ही आठ यंत्रे जुन्या संगणकांना जोडलेली असत. पडद्यावरचा आलेख संगणकात घ्यायचा, छापायचा आणि प्रयोगवहीत चिकटवायचा, असा मुलांचा क्रम होता. त्या संगणकांवर विंडोज ७ होते. विंडोज ७ ची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये आम्हांला नवे संगणक मिळाले. सगळे चकचकीत, विंडोज ११ चे. मुले खूश झाली. मी वायरी जोडल्या आणि एकापाठोपाठ एक पिवळे त्रिकोण उगवले. यंत्रांबरोबर आलेल्या चकत्या मागच्या एका स्थलांतरात गहाळ झाल्या होत्या, आणि नव्या संगणकांना चकती घालायची जागाच नव्हती. पेन ड्राइव्हने आलेख न्यावा, तर विषाणूंच्या भीतीने प्रयोगशाळेत पेन ड्राइव्हला बंदी.

दोन महिने असेच गेले. मग कार्यालयातून निरोप आला, की जी यंत्रे संगणकाला जोडली जात नाहीत, त्यांची यादी निर्लेखनासाठी पाठवा. निर्लेखन म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमधून वस्तूचे नाव कायमचे कमी करणे. एकदा नाव कमी झाले, की वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर. यादी तयार झाली. तिच्यात आठही ऑसिलोस्कोप होते. शिवाय एक फंक्शन जनरेटर, म्हणजे हव्या त्या आकाराची विद्युतलहर तयार करणारे यंत्र, आणि टेबलावरचा एक मल्टिमीटर.

आता आमच्या एका तुकडीत वीस मुले. ही आठ यंत्रे गेली, तर उरतात हिरव्या पडद्याचे तीन जुने ऑसिलोस्कोप. नवी खरेदी म्हणजे मागणीपत्र, दरपत्रके, मंजुरी, निविदा. वर्ष निघून जाते. तोवर एका यंत्राभोवती सात जणांनी उभे राहायचे. अशा वेळी काय होते, ते मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. पुढचे दोघे बटणे फिरवतात, मधले पाहतात आणि मागचे दुसऱ्याच्या वहीतून आलेख उतरवून घेतात. मागे उभे राहणारे बहुधा दर वेळी तेच असतात. लाजरी मुले आणि मुली. तीन वर्षे शिकून ती नोकरीच्या मुलाखतीला जातात आणि तिथे पहिल्यांदा त्या बटणाला हात लावतात.

मी विभागप्रमुख मॅडमकडे गेलो. म्हणालो, "मॅडम, यंत्रं बिघडलेली नाहीत. त्यांचं बोलणं तेवढं बंद झालंय. मला आठ दिवस द्या."

मॅडम म्हणाल्या, "आठ नाही जमणार. सोमवारी समितीची बैठक आहे. आज बुधवार. तेवढ्यात काय होईल ते बघा."

माझ्या मदतीला तिसऱ्या सत्रातील एक मुलगी आली. उर्दू माध्यमाच्या शाळेतून आलेली, बोलायला कमी, पण नजर फार बारीक. प्रयोग संपल्यावर ती रोज थांबत असे. मी म्हटले, "बेटा, एक वही घे. प्रत्येक यंत्र जोडल्यावर यादीत काय दिसतं, ते जसंच्या तसं लिहून काढ. अंदाज करायचा नाही."

पहिल्या दिवशी आम्ही ड्रायव्हरचे नावसुद्धा काढले नाही. यंत्र जोडायचे आणि डिव्हाइस मॅनेजर नावाच्या यादीकडे बघायचे, एवढेच केले. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ वाचवणारे काम हेच आहे. पण लोक नेमके हेच टाळतात. यंत्र जोडल्यावर यादीत काहीच हालचाल झाली नाही, तर दोष ड्रायव्हरचा नसतो. संगणकाला कोणी आल्याचे कळलेच नाही, तर तो दुभाषी कशाला शोधील? अशा वेळी आधी वायर बदलावी. आजकाल घरोघरी अशा वायरी असतात, की ज्यांत फक्त लाल आणि काळी तार असते. त्या मोबाइल चार्ज करतात, माहिती नेत नाहीत. बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. वायर ठीक असेल, तर जोडणी बदलून बघावी आणि मधला हब काढून टाकावा. आणखी एक गोष्ट. ऑसिलोस्कोपच्या पुढच्या बाजूला जे चपटे भोक असते, ते पेन ड्राइव्हसाठी. संगणकाची वायर मागच्या चौकोनी भोकात बसते.

संध्याकाळपर्यंत वही भरली. दोन ऑसिलोस्कोप जोडल्यावर यादी जराही हलत नव्हती. त्यांपैकी एकाची वायर बदलताच पिवळा त्रिकोण आला. आम्ही दोघे हसलो. त्रिकोण पाहून आनंद व्हावा, असा तो पहिलाच प्रसंग! दुसऱ्याला तीन वायरी लावून पाहिल्या, पण तो मुकाच राहिला. पाच यंत्रांना सरळ त्रिकोण होता. आठवे यंत्र भलतेच काही तरी नाव सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्रिकोणांचा समाचार घेतला. त्रिकोणाच्या ओळीवर उजवी कळ दाबली, गुणधर्म उघडले आणि तपशिलात जाऊन हार्डवेअर आयडी पाहिला. तेथेच ते दोन क्रमांक असतात. यंत्रावर कोणत्या कंपनीचा शिक्का आहे, यावर न जाता हे क्रमांक पाहावेत. पुष्कळदा यंत्र एका कंपनीचे आणि आतली यूएसबीची चिप दुसऱ्याच कंपनीची असते. उदाहरणार्थ, कंपनीचा क्रमांक ०४०३ दिसला, तर चिप स्कॉटलंडमधील एफटीडीआय या कंपनीची. ०६७बी दिसला, तर तैवानच्या प्रोलिफिकची. १ए८६ दिसला, तर ती एका चिनी कंपनीची. स्वस्त वायरींत ही चिप फार आढळते.

मुलगी क्रमांक वाचत होती आणि मी लिहीत होतो. वाचता वाचता ती थांबली. म्हणाली, "सर, खाली अजून एक यादी आहे. तिच्यात वर्ग लिहिलाय. एफई आणि उपवर्ग ०३. या सगळ्यांचा सारखाच आहे."

तिने नेमके बोट ठेवले होते. एफई आणि ०३ हाच तो २००३ साली ठरलेला मोजमाप-यंत्रांचा वर्ग. म्हणजे प्रत्येक यंत्रासाठी वेगळा ड्रायव्हर शोधण्याचे कारण नव्हते. या वर्गाचा एक दुभाषी आणला, की सगळ्यांचे काम होणार होते. तो 'व्हिसा' नावाच्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. नाव परदेशी जाण्याच्या परवान्यासारखे असले, तरी त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोजमापाची यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. लिनक्स वापरणाऱ्यांना तेवढाही त्रास नाही. त्या वर्गाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो.

एका मुलाने मध्येच सुचवले, "सर, सगळे ड्रायव्हर आपोआप शोधणारा एक फुकट प्रोग्राम आहे. तोच टाकूया की!" मी त्याला स्पष्ट नाही म्हटले. ड्रायव्हर संगणकाच्या अगदी आतल्या खोलीत जाऊन बसतो. रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाला कोणी घराच्या किल्ल्या देत नाही. ड्रायव्हर घ्यावा तो यंत्र किंवा चिप बनवणाऱ्याच्या दारातूनच.

व्हिसा उतरवून घेतले. पण बसवायला संगणकाचा मुख्य पासवर्ड लागतो. तो ज्यांच्याकडे होता, ते गृहस्थ लग्नासाठी गावी गेलेले. फोन लागेना. शुक्रवारचा अर्धा दिवस त्यांच्या फोनची वाट पाहण्यात गेला. यंत्राच्या दुरुस्तीत माणसांचा शोध किती घ्यावा लागतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. दुपारी त्यांचा फोन आला. आम्ही आधी सगळ्या वायरी काढल्या, व्हिसा बसवले, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि मग एक ऑसिलोस्कोप जोडला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुभाषी, मग पाहुणा.

त्रिकोण आला नाही. ओळीवर मोजमाप-यंत्राचे नाव आले. तरीही माझा विश्वास बसेना. नाव दिसणे आणि बोलणे यांत फरक आहे. अशा यंत्रांना विचारायचा एक ठरलेला प्रश्न असतो. आधी तारा, म्हणजे स्टार, मग आयडीएन ही तीन अक्षरे आणि शेवटी प्रश्नचिन्ह. यंत्र त्याला चार गोष्टींचे उत्तर देते: बनवणाऱ्याचे नाव, नमुना, अनुक्रमांक आणि आतल्या प्रोग्रामची आवृत्ती. मी मुलीला म्हटले, "तूच विचार." तिने टंकले. क्षणभरात उत्तराची ओळ आली. तिने तो अनुक्रमांक यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला.

त्या संध्याकाळी सहा ऑसिलोस्कोप बोलू लागले. भलतेच नाव सांगणाऱ्या सातव्याचे रहस्य त्याच्याच मेनूत होते. काही ऑसिलोस्कोपांच्या मागच्या जोडणीला दोन पर्याय असतात, संगणक किंवा छपाईयंत्र. कोणी तरी कधी काळी तो 'छपाईयंत्र' वर ठेवला होता. म्हणून तो प्रत्येकाला आपली वेगळीच ओळख सांगत होता. 'संगणक' निवडले आणि तोही रांगेत आला.

फंक्शन जनरेटरने शनिवारी आमची परीक्षा घेतली. त्याचा ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळाला. पण तो होता ३२ बिटांच्या विंडोजसाठी. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचे असते. ३२ बिटांचा ड्रायव्हर तेथे चालतच नाही, कितीही वेळा बसवा. आम्ही हताश होऊन यंत्र उलटे फिरवले, तर त्याच्या पाठीवर यूएसबीच्या शेजारी जुनी नऊ टाचण्यांची जोडणी होती. ही पद्धत १९६० सालची. माझ्या ड्रॉवरमध्ये ०४०३ क्रमांकाच्या चिपची यूएसबी-सीरियल वायर पडलेली होती. ती लावली, दोन्हीकडे वेग ९६०० ठेवला आणि यंत्र सुरू झाले. नव्या जोडणीने हात टेकले, तेथे तिच्या आजोबाने काम केले!

मल्टिमीटरची अडचण त्याच्या वायरीत होती. त्या वायरीतल्या चिपच्या नावाच्या जागी संगणकावर चक्क एक वाक्य दिसत होते, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. चिप बनवणाऱ्याच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या चिपेला दार बंद केले होते. यामागे नकली चिपांचे मोठे प्रकरण आहे. बाजारात नावाजलेल्या चिपांच्या हुबेहूब नकला खपतात आणि कंपन्या त्यांच्यावर चिडून असतात. २०१४ साली तर एका कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा वस्तू-क्रमांकच बदलून शून्य केला होता. त्यामुळे ज्यांनी प्रामाणिकपणे पैसे देऊन वस्तू घेतली, त्यांच्याही वस्तू एका रात्रीत मुक्या झाल्या. मला ते मुळीच पटलेले नाही. नकली माल विकणाऱ्याला सोडून घेणाऱ्याला शिक्षा कशासाठी? आमच्या मल्टिमीटरला नवी वायर घेतली आणि तो प्रश्न मिटला.

राहिला तो मुका आठवा ऑसिलोस्कोप. रविवारी मी त्याचे झाकण उघडले. मागच्या जोडणीजवळची पट्टी जळून काळी पडली होती आणि वीजपुरवठ्याचा भागही फुगला होता. तो खरोखरच संपला होता.

सोमवारी मॅडमनी यादी नव्याने टंकून घेतली. दहा ओळींच्या जागी एकच ओळ राहिली. समितीतील एका गृहस्थांनी विचारले, "बाकीची यंत्रं कुठं गेली?" मॅडम म्हणाल्या, "प्रयोगशाळेत आहेत. बघायला चला." ते खरेच आले आणि अर्धा तास थांबले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक यंत्राच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर दोन्ही क्रमांक, ड्रायव्हरचे नाव आणि तो बसवल्याची तारीख आहे. सगळे ड्रायव्हर एका चकतीवर नव्हे, तर दोन वेगवेगळ्या संगणकांवर ठेवले आहेत. एक जुना विंडोज ७ चा संगणकही मी मागून घेतला आहे. तो इंटरनेटला जोडत नाही. अडीअडचणीला असावा.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने आपला पहिला प्रयोग एकटीने केला. घरात येणारी वीज छोट्या ट्रान्सफॉर्मरने कमी दाबाची करायची आणि तिची लहर ऑसिलोस्कोपवर पाहायची. आपल्याकडे ही लहर सेकंदाला ५० वेळा येते, म्हणून एका लहरीची लांबी २० मिलिसेकंद भरते. तिने ती मोजली, संगणकात घेतली, छापली आणि माझ्यासमोर कागद धरला.

"सर, पुस्तकात लहरीचा माथा गोल आहे. इथे तर वरून चपटा दिसतोय. माझं काही चुकलं का?"

मी म्हटले, "नाही बेटा, तू बरोबर मोजलंस. हे सगळे संगणक, चार्जर, टीव्ही लहरीच्या माथ्यावरच वीज ओढून घेतात. म्हणून माथा दबतो. पुस्तकातली लहर कागदावरची आहे. ही आपल्या गावातली आहे."

तिने कागद प्रयोगवहीत चिकटवला, माथ्याकडे बाण काढला आणि बाणाखाली लिहिले, 'वरून चपटी.' मग ती पुन्हा यंत्राकडे गेली. तिला प्रयोगशाळेतले संगणक एकेक करून बंद करून पाहायचे होते.